श्वास कमी पडतो की सांडतो?

*“मी ३९ वर्षांची आहे. सहा वर्षं शास्त्रीय गायन शिकते आहे आणि पुढच्या सत्रात विशारदच्या परीक्षेला बसणार आहे. विलंबित एकतालात (१२ मात्रांच्या तालाच्या संथ लयीत) आकारात (नुसत्या ‘आ’वर) आलाप करताना सात-आठ सेकंदांत माझा श्वास संपतो. मुखड्याशी (बंदिशीच्या समेकडे नेणाऱ्या तुकड्याशी) येईपर्यंत धाप लागते आणि समेवरचा (तालाच्या पहिल्या मात्रेवरचा) स्वर उतरतो. श्वास घेतानाचा ‘हँ’ असा आवाज माइकमध्ये स्पष्ट ऐकू येतो. गुरुजी ‘पोटातून गा’ म्हणतात, म्हणून मी पोट आत ओढून धरते, पण त्याने गळा आणखीच आवळतो. मैत्रीण म्हणते कपालभाती कर, दुसऱ्या कुणी फुगे फुगवायला सांगितलं. मोठ्या गायकांची ध्वनिमुद्रणं ऐकते तेव्हा तर ते श्वास घेतच नाहीत असं वाटतं. माझ्या फुफ्फुसांची ताकदच कमी असेल का? नोकरीमुळे रियाज रात्री जेवण झाल्यावर होतो. पेटी माझी मीच वाजवते.”*
*— एक वाचक, सांगली*

तुमची फुफ्फुसं लहान आहेत असं मानायला पत्रात काहीच आधार नाही. जिना चढताना दम लागत नसेल, खोकला-दमा नसेल, तर हवा तुमच्याकडे पुरेशी आहे. ती जाते कुठे, हे आधी बघू.

थोडा हिशोब करा. प्रौढ स्त्रीची पूर्ण श्वास आत-बाहेर करण्याची क्षमता साधारण ३ लिटर असते. त्यातले २ लिटर गाण्यासाठी आरामात वापरता येतात. उरलेलं ताणून काढायला गेलं तर गळा आवळतो. स्वरतंतू नीट जुळत असतील तर मध्यम आवाजातल्या आकाराला सेकंदाला १०० ते २०० मिलिलिटर हवा लागते. १५० धरली तर २ लिटर हवा १३ सेकंद पुरते. तीच हवा सेकंदाला २५० मिलिलिटरने गेली तर ८ सेकंदांत संपते. तुमचा आकडा नेमका हाच आहे. क्षमता उंची, वय आणि शरीराच्या ठेवणीवर ठरते, रियाजाने ती फार वाढत नाही. खर्च मात्र जवळपास निम्म्यावर आणता येतो. दमसास कमावला असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याने बहुतेक वेळा हा खर्च आवरलेला असतो.

तेव्हा पहिल्याच दिवशी घड्याळ लावून एक चाचणी करा. बसून, नेहमीसारखा पण जरा भरघोस श्वास घ्या आणि ‘सऽऽऽ’ असा नुसता फुत्कार एकसारखा जितका वेळ चालेल तितका चालवा. सेकंद लिहून ठेवा. दोन मिनिटं थांबा. मग तसाच श्वास घेऊन ‘माझा’ म्हणताना येतो तो दंत्य ‘झऽऽऽ’ आवाजासकट लांबवा. प्रत्येक दोनदा करा आणि मोठा आकडा धरा. ‘स’मध्ये स्वरतंतू काम करत नाहीत, ‘झ’मध्ये करतात, म्हणून ही जोडी पुष्कळ काही सांगते. ‘स’ १८ सेकंद आणि ‘झ’ १६-१७ आला तर स्वरतंतू ठीक जुळताहेत, दोष श्वासाच्या वापराचा आहे. ‘स’ १८ आणि ‘झ’ ११ आला, म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागून १.४ पेक्षा जास्त उत्तर आलं, तर हवा स्वरतंतूंच्या फटीतून निसटते आहे. तिथे श्वासाचे व्यायाम करून उपयोग नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. तंतूंवर गाठी असल्या तर असंच होतं. दोन्ही आकडे १० च्या आत असतील तर आधी फॅमिली डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन कमी असलं तरी दम पुरत नाही, आणि आपल्याकडच्या बायकांत ते कमी असणं अगदी सर्रास आहे.

पुढचं सगळं चाचणीत स्वरतंतू ठीक निघाले असं धरून सांगतो.

‘पोटातून गा’ ही सूचना गुरुजी पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत आणि तिचा हेतू चांगला आहे. पण पोटात हवा नसते. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचं एक स्नायूचं पटल असतं, श्वासपटल. डायफ्राम म्हटलं तर पटकन ओळखाल. श्वास घेताना ते आकसून खाली सपाट होतं, फुफ्फुसांना खालच्या बाजूला जागा मिळते आणि पोटातले अवयव पुढे सरकतात. म्हणून श्वास घेताना पोट बाहेर येतं, त्याच वेळी खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना उघडतात. गुरुजींना हवं आहे ते हे: श्वास घेताना पोट आणि कंबर सैल, गाताना पोट सावकाश आत. तुम्ही ते आधीच आत ओढून धरता, म्हणजे श्वासपटलाची खाली यायची वाटच बंद करता. मग हवा वर छातीत भरली जाते, खांदे उचलले जातात, मानेचे स्नायू ताणतात आणि स्वरयंत्र त्या ताणात सापडतं. गळा आवळण्याचं कारण तेच.

दुसरी चूक पत्रात तुम्ही लिहिलेली नाही, पण श्वास लवकर संपणाऱ्या बहुतेकांची असते. मोठ्या आलापाआधी जमेल तेवढा प्रचंड श्वास घेणं. छाती गच्च भरली की ती आपणहून मिटायला बघते, आणि तो मिटण्याचा दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटर उंचीएवढा असू शकतो. मध्यम आवाजातल्या आकाराला लागतो ५ ते १०. उरलेला दाब कुठे तरी अडवावाच लागतो. बरगड्या उघड्या ठेवून तो अडवता आला तर उत्तम. नाही आला तर दोनच गोष्टी होतात: पहिल्या दोन सेकंदांत हवा भसकन बाहेर पडते, किंवा गळा तिला अडवायला आवळतो. पेटीचा भाता गच्च भरून वर जोरात दाबला की स्वर ठोकल्यासारखा येतो, तसंच हे. पुढच्या ओळीला लागेल तेवढाच श्वास घ्या. मनाशी अंदाज करा, पूर्ण भरण्याच्या दोन-तृतीयांश. सुरुवातीला हा श्वास अपुरा वाटेल. तसा तो नसतो.

आता बैठक. याला आम्ही व्यायामांपेक्षा जास्त महत्त्व देतो, कारण बैठक चुकली तर उरलेलं सगळं वाया जातं. मांडी घालून सपाट सतरंजीवर बसलं की बहुतेकांचे गुडघे कमरेच्या वर राहतात, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि पोट दुमडतं. बैठकीखाली चादर किंवा ब्लँकेटची घडी घ्या, ७ ते १० सेंटिमीटर जाडीची, फक्त बसण्याच्या हाडांखाली. गुडघे कमरेच्या खाली गेले की पाठ आपोआप सरळ होते. ‘ताठ बसा’ असं स्वतःला बजावायची गरज राहत नाही, आणि बजावू नका. ताठ बसायला गेलं की छाती पुढे काढली जाते आणि कंबर आवळते.

पेटी स्वतः वाजवता, तर तिच्याकडेही बघा. डावा हात भात्यावर, उजवा स्वरांवर, आणि पेटी जमिनीवर लांब ठेवलेली असली की शरीर पुढे आणि एका बाजूला झुकतं. डाव्या बाजूच्या बरगड्या दबल्या जातात. पेटी मांडीला लागेपर्यंत जवळ घ्या, दोन-चार सेंटिमीटर उंच पाट ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे निम्मा रियाज पेटीशिवाय, तानपुऱ्यावर करा, फोनमधला चालेल. हात भात्याबरोबर हलतो तेव्हा श्वासही नकळत भात्याच्या लयीने घेतला जातो, आणि ती लय तुमच्या आलापाची नसते. तानपुरा खांद्याशी धरून गाणाऱ्यांनी तो धरलेला खांदा कानाकडे चढत नाही ना, हे आरशात बघावं.

परकराची नाडी हा विषय गायनाच्या वर्गात कुणी काढत नाही. काढायला हवा. कमरेला घट्ट बांधलेली नाडी पोटाच्या पुढे यायच्या वाटेत आडवी येते. पोट बाहेर सोडून, श्वास आत असताना नाडी बांधा, नाभीच्या खाली, दोन बोटं आरामात जातील एवढी सैल. परीक्षेला साडी नेसणार असाल तर रियाजही महिन्यातून दोन-तीनदा साडीतच करा. सलवारीचं इलॅस्टिक आणि साडीची नाडी यांत श्वासाची जागा बदलते, आणि ते परीक्षेच्या खोलीत कळून उपयोग नाही.

व्यायाम कोणते, किती

रोज १५ ते २० मिनिटं पुरेत. एकदम तासभर केले तर दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो आणि पोटाचे स्नायू दुखतात.

पहिले तीन-चार दिवस जमिनीवर उताणं झोपा, गुडघे दुमडून, पाय टेकवून. नाभीवर तांदळाची किंवा साखरेची १ किलोची पिशवी ठेवा. नाकाने मनात चार मोजत श्वास घ्या, पिशवी वर जायला हवी, छाती जवळजवळ स्थिर. मग ओठ थोडे उघडून ‘सऽऽ’ करत आठ मोजेपर्यंत सोडा, पिशवी हळूहळू, एकाच वेगाने खाली. दहा वेळा. झोपूनच का? कारण झोपलेल्या अवस्थेत खांदे उचलायचं काही कारण उरत नाही आणि शरीराला योग्य हालचाल पटकन सापडते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हेच बसून करा. पिशवीऐवजी हात कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांवर, अंगठे पाठीकडे आणि बोटं पुढे. श्वास घेताना हात बाजूंना सरकले पाहिजेत. पाठीकडचे अंगठेही थोडे मागे ढकलले जातात. बऱ्याच जणांना पाठीत श्वास जातो हे इथे पहिल्यांदा जाणवतं.

मग खरी गोष्ट. ‘सऽऽ’ सुरू केल्यावर पहिल्या तीन-चार सेकंदांत बरगड्यांवरचे हात आत येऊ द्यायचे नाहीत. अजून श्वास घेतोच आहोत असा भाव कमरेत ठेवा आणि हवा सोडा. पोटाचा नाभीखालचा भाग आत जाईल, बरगड्या मागाहून मिटतील. हे पहिल्या दिवशी जमत नाही, आठवड्यात जमू लागतं. चार मोजून घ्या, बारा मोजून सोडा. दर आठवड्याला सोडण्याची मोजणी दोनने वाढवा. २० ते २४ वर थांबा, त्यापुढे गाण्याला उपयोग नाही. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंदांची हवा शिल्लक असतानाच थांबायचं. शेवटचा थेंब पिळून काढण्याची सवय लागली की तीच गाण्यात उतरते, आणि समेवरचा स्वर नेमका तिथेच पडतो.

चक्कर आली, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच थांबा. हवा कमी पडल्याने असं होत नाही, भराभर मोठे श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून होतं. मिनिटभर साधं बसलं की जातं.

तिसऱ्या आठवड्यापासून आवाज आणा. पेला अर्धा पाण्याने भरा, साधी स्ट्रॉ २ सेंटिमीटर बुडवा आणि तिच्यातून ‘ऊ’वर षड्ज (सा) लावा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मधेच थांबले तर श्वास अडतो आहे, खळखळून पाणी उडालं तर जास्त सोडता आहात. गाल फुगवायचे नाहीत. दोन-तीन मिनिटं पुरे. यात ओठांकडून मागे येणारा थोडासा दाब स्वरतंतूंना अलगद जुळायला मदत करतो, त्यामुळे श्वासाबरोबर आवाजाचीही तयारी होते. भ्रामरी प्राणायामातला गुंजारवही याच कारणाने गाण्याआधी चांगला.

त्यानंतर तानपुऱ्यावर मध्य षड्ज आकारात, १० सेकंद, मध्यम आवाजात. सुरुवातीला फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका. स्वराची सुरुवात ‘हा’ अशी येते का? येत असेल तर स्वर लागण्याआधीच हवा सुटते आहे आणि तुमचा ८ सेकंदांचा आकडा बहुधा यातूनच आला आहे. त्यावर उपाय: ‘म्’ गुणगुणत स्वर लावा आणि तोंड उघडून ‘म्आऽऽ’ करा, आठ-दहा दिवसांनी ‘म्’ मनातच म्हणा. उलट टोकाला ‘अ’ असा ठोका देऊन स्वर सुरू होत असेल तर श्वास भरल्यावर तुम्ही तो गळ्यात क्षणभर अडवता. श्वास आत गेला की लगेच, न थांबता स्वर. मध्ये गळा बंद करायचा नाही.

खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज करत असाल तर तो चालू ठेवा, फक्त मंद्र पंचमाच्या (खालच्या सप्तकातल्या ‘प’च्या) खाली ओढून ताणून जाऊ नका. खाली आवाज जितका घोगरा आणि हवेचा, तितकी हवा वाया.

‘हँ’ हा आवाज आणि चोरटा श्वास

श्वास घेताना आवाज येतो तेव्हा स्वरतंतू अर्धवट जवळ असतात आणि जिभेचं मूळ मागे गेलेलं असतं. हवेला अरुंद जागेतून घुसावं लागतं. ‘हळू श्वास घे’ असं म्हणून हे सुटत नाही. दोन गोष्टी बदला.

एक, आलापाचा तुकडा संपवताना गळा बंद करून स्वर तोडू नका. स्वर संपवायचा तो श्वास आत घेऊनच. म्हणजे ‘आऽऽ’ चालू आहे, तोंडाची ठेवण तीच आहे, आणि पोट सैल सोडलं. हवा आपोआप आत येते. ओढावी लागत नाही. तोंड मिटून परत उघडण्यात जाणारा वेळही वाचतो. जांभई सुरू होताना गळा जसा मोकळा होतो तेवढाच मोकळेपणा पुरे.

दोन, यासाठी पोटाला सराव द्या. ‘श्! श्! श्!’ असे तुटक फुत्कार करा, सेकंदाला एक. प्रत्येक ‘श्’ला पोट आत झटकलं जातं आणि दोन फुत्कारांच्या मध्ये ते सैल सुटतं, थोडी हवा आपोआप आत येते. दहाची एक फेरी, तीन फेऱ्या. जमलं की मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० वर लावा: सहा ठोके आकार, एक ठोका श्वास. आठवड्याने श्वासाला अर्धा ठोका, मग पाव. पाव सेकंदात पूर्ण श्वास येत नाही, तीन-चार सेकंद गाता येईल एवढाच येतो, आणि मध्येच घेतलेल्या चोरट्या श्वासाचं काम तेवढंच असतं. वेळ असेल तिथे नाकाने घ्या, म्हणजे हवा ओलसर आणि गाळलेली येते. घाईच्या श्वासाला नाक पुरत नाही, तिथे तोंड आणि नाक दोन्ही. ‘गाताना श्वास नाकानेच’ असा नियम सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्ष मैफलीत तो फारसं कुणी पाळत नाही.

फोन तोंडापासून ३० सेंटिमीटरवर ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि आठवड्याला एकदा ऐका. माइकवर गाताना श्वासाच्या क्षणी चेहरा किंचित बाजूला वळवला तर उरलासुरला आवाजही लपतो.

एकतालात श्वास कुठे

विलंबित एकतालात मात्रेला ४ सेकंद धरले तर आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. ते एका श्वासात कुणीच गात नाही. आवर्तनात चार-पाच श्वास येणारच, कसलेल्या गायकाचेही येतात. तो ते कुठे ठेवतो एवढाच फरक.

तुमची धाप मुखड्यापाशी लागते, म्हणजे आलापाचा शेवटचा तुकडा आणि मुखडा तुम्ही एकाच श्वासात ओढता आहात, हे जवळपास नक्की. ठेका डोळ्यांसमोर आणा: धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. समजा तुमच्या बंदिशीचा मुखडा अकराव्या मात्रेला उठतो. तिथून समेपर्यंत ८ सेकंद, आणि समेवर ठहराव हवा तर आणखी २-३. म्हणजे मुखड्याला एकट्यालाच ११ सेकंदांचा श्वास लागतो. तेव्हा आलाप नवव्या मात्रेच्या धागेवर संपलाच पाहिजे, आणि दहाव्याच्या तिरकिटला निवांत, नाकाने श्वास. मुखडा बाराव्याला उठत असेल तर सगळं एक मात्रा पुढे. सवय लागेपर्यंत आलापात काही सुंदर सुचलं तरी नववी मात्रा आली की ते सोडून द्या. हे जड जातं, पण सम हातची गेली तर त्या सुंदर तुकड्याचं कौतुक कुणी करत नाही.

बाकीचे श्वास न्यासावर, म्हणजे रागात विसावायच्या स्वरावर, घ्या. यमन गात असाल तर ‘नि रे ग’ असं येऊन गंधारावर थांबलात, तिथे. ‘नि रे’ आणि ‘ग’ यांच्या मध्ये नाही. बंदिशीचे बोल गाताना शब्दाच्या मध्ये श्वास घेऊ नये हे तुम्हाला माहीत असेलच. वहीत बंदिश लिहिलेली असेल त्यावर श्वासाच्या जागी पेन्सिलीने टिकली द्या आणि महिनाभर तिथेच घ्या, श्वास शिल्लक असला तरी. भ, ख, घ, ह ही महाप्राण अक्षरं हवा जास्त खातात. बंदिशीत अशी अक्षरं दाटीने येतात त्या ओळीआधी श्वासाची जागा ठेवा, आणि ‘भ’ उच्चारताना तो फुंकू नका.

तानांची काळजी करू नका. द्रुत तीनतालाचं एक आवर्तन चार-पाच सेकंदांत संपतं, दोन आवर्तनांची सपाट तानसुद्धा तुमच्या आवाक्यात आहे. तान दम घेते ती प्रत्येक स्वरामागे ‘ह’ लागून ‘हहहह’ अशी झाली की. हळू लयीत आकार स्वच्छ करा, तेवढं पुरेल.

ध्वनिमुद्रणांबद्दल. तुम्हाला श्वास ऐकू येत नाहीत, कारण त्या क्षणी पेटी किंवा सारंगी स्वर धरून ठेवते आणि मागे तानपुरे चालूच असतात. स्टुडिओत श्वास पुसूनही टाकतात. म्हणून मैफलीचं ध्वनिमुद्रण घ्या, हेडफोन लावा आणि एका आवर्तनात गायकाचे श्वास मोजा. मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं यासाठी घ्या. तुकडे लांब, एकात एक गुंफलेले, आणि श्वास अशा जागी की लक्ष तिथे जातच नाही. मग कुमार गंधर्व ऐका. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांना क्षय झाला, एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद होतं. पन्नासच्या दशकात ते परतले. छोटे, टोकदार तुकडे आणि त्यांच्या मधल्या जागा यांवर उभी असलेली त्यांची गायकी ऐकल्यावर ‘माझ्या फुफ्फुसांची ताकद’ हा प्रश्न तुम्हाला वेगळा दिसेल. परीक्षेला पेटीवर साथीदार असेल तर त्याला आधी सांगून ठेवा: मी श्वास घेते तिथे स्वर सोडू नका, धरून ठेवा. चांगले साथीदार न सांगता करतात, पण सांगितलेलं बरं.

कपालभाती, फुगे आणि रात्रीचं जेवण

कपालभातीत श्वास झटक्याने बाहेर फेकला जातो. गाण्याला हवा आहे तो अगदी सावकाश बाहेर सोडलेला श्वास. प्रकृतीसाठी करायची तर सकाळी करा, पण रियाजाच्या आधी नको, घसा कोरडा पडतो. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर मुळीच नको. अनुलोम-विलोम श्वास न रोखता केला तर मन शांत व्हायला चांगला. कुंभक मात्र गायकाने जपून करावा, श्वास रोखताना गळा बंद करायची सवय लागते आणि ती गाण्यात उतरते.

फुगे फुगवू नका. त्यात गाल आणि गळा जोर लावतात, श्वासपटलाचा संयम शिकायला मिळत नाही. तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं उपकरण शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना देतात, तेही कुणी सुचवेल. ते श्वास आत ओढायला शिकवतं. तुमची अडचण सोडण्यात आहे.

आणि रात्री जेवणानंतरचा रियाज बदला, बाकी काही नाही जमलं तरी. भरलेलं पोट श्वासपटलाला खाली येऊ देत नाही. वर गाताना पोटावर दाब येतो आणि आम्ल घशापर्यंत चढतं. सकाळी उठल्यावर घसा खाकरावा लागतो, आवाज जड असतो, असं होत असेल तर कारण हेच असू शकतं. जेवणानंतर दोन-अडीच तास जायला हवेत, ते तुमच्या वेळापत्रकात बसणार नाहीत. मग ऑफिसातून आल्यावर मूठभर शेंगदाणे किंवा एखादं केळं खा, अर्ध्या तासाने रियाज करा आणि नंतर जेवा. तेही जमत नसेल तर श्वासाचे बिनआवाजी व्यायाम पहाटे रिकाम्या पोटी उरका आणि रात्री फक्त बंदिश घोटा, हलक्या आवाजात.

सहा ते आठ आठवड्यांनी ‘स’ आणि ‘झ’ची चाचणी परत करा. ‘स’ फारसा वाढला नसेल तरी आकारातला षड्ज ८ वरून १२-१३ सेकंदांवर गेलेला असायला हवा. तसं झालं नाही, किंवा मध्येच आवाज बसला आणि तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्या. परीक्षा जवळ आली म्हणून ते पुढे ढकलू नका.